आठ टोप्या, सात पासपोर्ट

आमच्या भिशीत आठ जणी. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, दोन-दोन हजार काढायचे, चिठ्ठी उचलायची, दडपे पोहे खायचे आणि साडेसहाला घरी पळायचं. २०१९ च्या संक्रांतीला आक्कांनीच विषय काढला. म्हणाल्या, "दरवर्षी चिठ्ठीच्या पैशात कुणाचं छप्पर तर कुणाच्या लेकीचं बाळंतपण निघतंय. एक वर्ष चिठ्ठी काढूच नका की. साठू द्या, आणि विमानात बसू." आक्का तेव्हा ६८ वर्षांच्या. विमान त्यांनी फक्त सांगलीच्या आयर्विन पुलावरून आकाशात पाहिलेलं.

ठरलं बँकॉक-पटाया. घरच्या पुरुषमंडळींनी गालातल्या गालात हसून घेतलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला, वखारभागातल्या दोघी जावांच्या घरात पाणी शिरलं आणि धाकटीचा शाळेचा दाखला कपाटातच लगदा झाला. पासपोर्ट काढताना दाखल्याची दुसरी प्रत मिळवायला तिला तीन वेळा माहेरच्या शाळेत जावं लागलं. तरीही डिसेंबरपर्यंत आठही पासपोर्ट हातात आले. जानेवारी २०२० मध्ये टूरवाल्याला माणशी २०,००० ॲडव्हान्स दिला आणि मारुती रोडवरून एकाच रंगाच्या आठ उन्हाळी टोप्या आणल्या. सहल १० मेची.

पुढचं सगळ्यांनाच माहीत आहे. मार्चमध्ये इस्लामपुरात रुग्ण सापडले आणि सांगलीचं नाव रोज टीव्हीवर दिसायला लागलं. २२ मार्चला जनता कर्फ्यू, पाठोपाठ परदेशी विमानं बंद. टोप्यांची पिशवी माझ्या माळ्यावर गेली.

मे २०२१ मध्ये आमच्या भिशीतल्या माई गेल्या. ऑक्सिजनचा बेड मिळायला एक दिवस गेला, मिळाल्यावर चार दिवस होत्या. लसीचा एकच डोस झाला होता. भिशी त्यानंतर सात-आठ महिने भरलीच नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे २०२२ च्या मे महिन्यात आम्ही जाऊन आलो, आणि जाण्याआधीचे अडीच महिने मी सात जणींचे कागद घेऊन बसले होते. मी पतसंस्थेतून क्लार्क म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे फॉर्म म्हटला की सगळ्या माझ्याकडे बघतात. त्या काळात मला कुणी सरळ भाषेत सांगितलं असतं तर माझी निम्मी झोप वाचली असती. म्हणून लिहिते.

सुरुवात ८ मार्चला झाली. महिलादिनाचा हळदीकुंकवासारखा कार्यक्रम होता आणि तिथेच टीचरबाईंनी मोबाइलवर बातमी दाखवली: २७ मार्चपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानं सुरू. दोन वर्षांनी. माझा आधी विश्वास बसेना, कारण तोवर ही तारीख किती वेळा पुढे गेली होती याची मोजदादच सोडली होती. त्या शनिवारी भिशी भरली. मिरजेच्या वहिनींनी तिथेच सांगितलं की गुडघ्यांनी जवाब दिलाय, मला धरू नका. राहिलो सहा.

दुसऱ्या दिवशी टूरवाल्याकडे गेले. पावत्या त्याने नाकारल्या नाहीत, पण आमचे २०,००० म्हणजे 'क्रेडिट नोट' आहे, रोख परत मिळणार नाही, असं ऐकवलं. लॉकडाउनमध्ये रद्द झालेल्या विमान तिकिटांच्या परताव्याबद्दल सुप्रीम कोर्टाने १ ऑक्टोबर २०२० ला निकाल दिला होता, तो मी छापून नेला होता. तो शांतपणे म्हणाला, "काकू, तुमची तिकिटं काढलीच नव्हती. नुसता ॲडव्हान्स होता." बरोबर होतं त्याचं. कुठलाही ॲडव्हान्स देताना पावतीवर 'कशापोटी' हे लिहून घ्या, ते आमच्या पावतीवर नव्हतं. मिरजेच्या वहिनींना पाच हजार कापून पंधरा परत मिळाले, तेही दोन महिने खेटे घातल्यावर.

नवा भाव माणशी ५४,०००. त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ५६,७००. त्यावर पुन्हा ५ टक्के टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने आपल्याकडून घेऊन सरकारात भरायचा आगाऊ आयकर, २,८३५. एकूण ५९,५३५. क्रेडिट नोट वजा जाता ३९,५३५ भरायचे. हा टीसीएस ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलींवर लागतो आणि आपलं रिटर्न भरलं की परत मिळतो किंवा करात वळता होतो. तेव्हा पॅन नंबर दिला नाही तर ५ च्या जागी १० टक्के कापायचे. त्यामुळे सगळ्यांचे पॅन नंबर मी फोनवर विचारून एका कागदावर लिहिले आणि देऊन टाकले. या वाक्याकडे शेवटी परत यायचंय.

माईंच्या २०,०००चं काय, हा प्रश्न मी विचारला नव्हता. तो विचारला त्यांच्या सुनेने. ती ३१ वर्षांची, घरी शिवणकाम करते. एका संध्याकाळी आली, चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि म्हणाली, "काकू, आईंच्या जागी मी आले तर चालेल का?" मामांनी, म्हणजे माईंच्या मालकांनीच सांगितलं होतं म्हणे. मी काही बोलायच्या आत तिने पिशवीतून माईंचा पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. एकही शिक्का नसलेला. मला वाटतं तिला तो चालेल असं वाटलं असावं. मी सांगितलं, बाई, पासपोर्ट ज्याचा त्याचा.

टूरवाला आधी नाव बदलायला तयार नव्हता. मग मृत्यूचा दाखला, मामांचं संमतिपत्र १०० रुपयांच्या स्टॅम्पवर आणि दोघांचं आधार, एवढ्यावर मानला. वर १,५०० 'नाव बदलण्याचा चार्ज'. यावर मी भांडले नाही. काही ठिकाणी भांडण्याची ताकद राखून ठेवावी लागते.

सूनबाईच्या पासपोर्टचा अर्ज १५ मार्चला ऑनलाइन भरला, फी १,५००. अपॉइंटमेंट २९ मार्चची मिळाली. पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात काम झालं, पुण्याला जावं लागलं नाही. तिच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. मी लग्नाची नोंदणी झालेलं प्रमाणपत्र बरोबर न्यायला लावलं होतं, आणि काउंटरवर पहिल्यांदा तेच मागितलं. पोलीस ठाण्यातून फोन आठ दिवसांनी आला. तिथे दोन शेजाऱ्यांच्या आधारच्या झेरॉक्स लागल्या. १९ एप्रिलला पोस्टमन पासपोर्ट देऊन गेला. ज्यांना मे महिन्यात जायचंय त्यांनी फेब्रुवारीतच अर्ज करावा. आमचं जमलं ते नशिबाने.

दरम्यान १ एप्रिलपासून महाराष्ट्रातले सगळे निर्बंध उठले. दुसऱ्या दिवशी पाडवा. गुढीला साखरेच्या गाठी बांधताना पहिल्यांदाच मनात आलं की हे खरंच होणार आहे.

थायलंडचे नियम मात्र हलत होते. एप्रिलपासून त्यांनी निघण्याआधीची चाचणी काढून टाकली होती, पण तिथे उतरल्यावर आरटी-पीसीआर आणि निकाल येईपर्यंत हॉटेलात थांबणं होतं. आक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे पैसे भरून कोंडून घ्यायचं? ते तर हितं फुकट झालं की." मग एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बातमी आली: १ मेपासून दोन डोस झालेल्यांना उतरल्यावरची चाचणीही नाही. फक्त 'थायलंड पास' हवा, आणि किमान १०,००० डॉलरचा वैद्यकीय विमा. आम्ही २१ मेची तारीख पक्की केली.

थायलंड पास म्हणजे तेव्हा तिथल्या सरकारी साइटवर भरायचा ऑनलाइन अर्ज. पासपोर्टच्या पानाचा फोटो, लसीचं सर्टिफिकेट, विम्याची पॉलिसी चढवायची, मंजूर झाला की ईमेलवर क्यूआर कोड यायचा. एक रुपयाही लागत नव्हता. हे ठळक सांगते, कारण टूरवाल्याच्या पोराने प्रत्येकी ८०० रुपये 'पास फी' सांगितली होती. मी विचारलं पावती कशाची देणार? त्यावर तो म्हणाला, तुम्हीच भरा मग. म्हणून मीच भरले.

आणि इथे आमची खरी नाकाबंदी लागली. ती विमानतळावर नव्हती, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर होती.

कोविनवर, म्हणजे लसीच्या सरकारी साइटवर, जे साधं सर्टिफिकेट मिळायचं त्यावर नुसतं वय असायचं. परदेशासाठी तिथूनच वेगळं सर्टिफिकेट काढावं लागायचं, त्यावर पूर्ण जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर यायचा. त्यासाठी आधी आपल्या खात्यात पासपोर्ट नंबर जोडायचा, आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. आता आपल्याकडच्या बायकांची नावं म्हणजे काय सांगावं. आधारवर आधी स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. एकीच्या नवऱ्याच्या नावात 'राव' आहे आणि नाही. आक्कांच्या आधारवर नावाला 'बाई' जोडलेलं आणि पासपोर्टवर नुसतं नाव. लस घेताना आधार दाखवलेलं, म्हणून सर्टिफिकेटवर 'बाई'.

"बाई काढ की," आक्का म्हणाल्या.

"एकदाच बदलता येतं, आक्का. चुकलं तर बसलो."

"मग मी बाई न्हाई असं लिहून दे."

ही दुरुस्ती कोविनवर खरंच एकदाच करता येत होती, म्हणून मी ते नाव आधी कागदावर लिहिलं, पासपोर्ट शेजारी ठेवला, टीचरबाईंना अक्षर अक्षर वाचायला लावलं आणि मगच बटण दाबलं. सगळ्यांना हेच सांगेन. दुरुस्ती रात्री दमल्यावर करू नका. सकाळी, दुसरं माणूस शेजारी बसवून करा.

आक्कांच्या दुसऱ्या डोसची तारीखही एक कथाच होती. पहिला डोस ९ मार्च २०२१. तेव्हा २८ दिवसांनी या म्हणाले. मग २२ मार्चला अंतर सहा ते आठ आठवडे झालं. सहा आठवडे झाले तेव्हा केंद्रावर लस नव्हती. लस आली तोवर १३ मेला अंतर बारा ते सोळा आठवडे झालं. शेवटी ८ जूनला दुसरा मिळाला. पण आता त्या सगळ्या हेलपाट्यांचं एका ओळीत 'पूर्ण लसीकरण' झालं होतं.

टीचरबाईंना कोव्हॅक्सिन दिलेली. त्यांना धाकधूक होती की परदेशात ती चालत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात खरंच अडचण होती, पण ३ नोव्हेंबर २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली आणि थायलंडने त्यांचा अर्ज आमच्या कोव्हिशील्डवाल्यांइतक्याच सहज मंजूर केला. हे त्यांना मी तीनदा सांगितलं. मंजुरीचा ईमेल आल्यावर त्यांनी तो प्रिंट काढून देवापुढे ठेवला.

सगळ्यात अवघड निघालं तासगावच्या ताईंचं. त्यांच्याकडे साधा फोन. लसीची नोंदणी शेजारच्या मुलाने स्वतःच्या नंबरवरून केली होती. एका नंबरवर तेव्हा चार माणसं बसायची, त्याने आई, आजी, स्वतः आणि ताई असे चार भरलेले. नंतर मुलगा चाकणला कंपनीत लागला. कोविन उघडायला ओटीपी त्याच्या फोनवर जाणार, आणि ओटीपीचं आयुष्य तीन मिनिटं. कामावर असताना त्याचा फोन लॉकरमध्ये. जेवणाची सुटी दुपारी साडेबारा ते एक.

तर ५ मेला, गुरुवारी, साडेबाराला आम्ही तयारीत बसलो. ताई, मी, माझा लॅपटॉप, स्पीकरवर मुलगा. पलीकडे कँटीनमधल्या ताटांचा आवाज. पहिला ओटीपी त्याने सांगितला, मी एक आकडा चुकले. दुसरा आलाच नाही. तिसरा आला तेव्हा त्याचं जेवण उरकलं होतं आणि तो हात धुता धुता आकडे सांगत होता. आत शिरलो. पासपोर्ट नंबर जोडला. सर्टिफिकेट काढायला गेले तर साइटने पुन्हा बाहेर फेकलं. एक वाजायला चार मिनिटं होती. चौथा ओटीपी. डाउनलोडची पट्टी हिरवी झाली तेव्हा तो म्हणाला, "झालं का काकू? जाऊ?" ताईंनी फोनकडे तोंड करून हात जोडले. त्याला ते दिसणार नव्हतं. त्याच्यासाठी त्यांनी बँकॉकहून पाकीट आणलं, तेही मला विचारून, की चाकणला कुरिअर जातं का.

यातून मी इतकंच शिकले की घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं काहीही कुणाच्या नंबरवर नोंदवलंय ते एका वहीत लिहून ठेवावं. आम्ही ती वही आता केलीय.

७ मेच्या रात्री सात अर्ज भरले. पासपोर्टचा फोटो काढताना वरचं प्लास्टिक कव्हर काढा आणि फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर नेमक्या नंबरावर चमक येते. फोटो जेपीजीमध्ये लागायचे, चारही कोपरे दिसायला हवे होते. मी दिवसा खिडकीजवळ, काळ्या साडीवर पासपोर्ट ठेवून काढले ते सगळे चालले. विमा ऑनलाइन काढला. आम्हा साठीच्या आतबाहेरच्यांना आठशे-नऊशे पडले, आक्कांना दोन हजारांच्या घरात. पॉलिसीवर कोविडचा उल्लेख आणि रक्कम डॉलरमध्ये लिहिलेली आहे का ते बघून घेतलं.

चार मंजुऱ्या दुसऱ्या दिवशी आल्या, दोन तिसऱ्या दिवशी. धाकट्या जाऊबाईंचा अर्ज नामंजूर. पोटात गोळा आला. कारण वाचलं तर विमा दुसऱ्या व्यक्तीच्या नावाचा. दोघींचं आडनाव एक, दोघींच्या नावाचं पहिलं अक्षर एक, आणि मी मोठीची पॉलिसी धाकटीच्या अर्जाला लावली होती. चूक सरळ माझी. पुन्हा भरला, १३ तारखेला मंजूर झाला. ते पाच दिवस मी कुणाला काही सांगितलं नाही. धाकटीला हे वाचूनच कळेल.

छापील कागदांचे मी सात संच केले: पासपोर्टची झेरॉक्स, क्यूआर कोड, सर्टिफिकेट, विमा, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, ४ बाय ६ सेंटिमीटरचे दोन फोटो. आपला नेहमीचा पासपोर्ट साइज फोटो तेव्हा तिकडच्या व्हिसाला चालत नव्हता, स्टुडिओत माप सांगून काढून घेतला. सात संच, सात रंगाच्या फाइली. आक्कांनी लाल मागून घेतली.

निघण्याच्या आदल्या रात्री माळ्यावरून टोप्या काढल्या. दोन वर्षांत त्यांचं इलॅस्टिक मेलं होतं. डोक्यावर ठेवली की डोळ्यांवर यायची. सूनबाईने पर्समधून सुई-दोरा काढला आणि भांडी होईपर्यंत आठही टोप्यांना आतून टीप घातली. आठवी मिरजेच्या वहिनींची, ती त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती घालून नातवाला शाळेत सोडायला जायला सुरुवात केलीय.

२० मेच्या रात्री सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेस. रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, बायकांना अठ्ठावन्नच्या पुढे अर्धं तिकीट होतं ते गेलं. आक्का पूर्ण तिकिटाबद्दल कराडपर्यंत बोलत होत्या. कल्याणला उतरून दिवसभर डोंबिवलीत आक्कांच्या भाच्याकडे थांबलो आणि रात्री विमानतळावर.

मुंबईच्या काउंटरवर प्रत्येकीची फाइल उघडली. पास, विमा, परतीचं तिकीट, सगळं बघितलं. सात जणींना पन्नास मिनिटं लागली. इमिग्रेशनच्या खिडकीत साहेबांनी आक्कांना विचारलं, "कशासाठी चाललात?" आक्का म्हणाल्या, "बघायला." त्याने शिक्का मारला.

बँकॉकला पहाटे उतरलो. आपल्यापेक्षा दीड तास पुढे, त्यामुळे कुणाचंच घड्याळ जुळत नव्हतं. आधी आरोग्याच्या टेबलावर क्यूआर कोड स्कॅन केला, तिथे दोन मिनिटंही लागली नाहीत. अडीच महिन्यांचं काम ते. मला थोडं वाईटच वाटलं. मग व्हिसा ऑन अरायव्हलची, म्हणजे उतरल्यावर तिथेच मिळणाऱ्या व्हिसाची रांग: अर्ज, फोटो, २,००० बाट रोख, आणि पंधरा दिवसांचा शिक्का. तेव्हाच्या भावाने साडेचार हजार रुपये झाले. बाट सांगलीतूनच बदलून नेले होते, ते बरं झालं, कारण रांगेतले काही जण पैसे बदलायला मागे पळत होते. रांग दोन तासांची. बसायला काही नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी चाकांची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवा. ती फुकट असते आणि खुर्चीवाल्यांना वेगळ्या वाटेने नेतात. आम्हाला हे आक्कांचे पाय सुजल्यावर कळलं.

सूनबाई सगळ्यात शेवटी होती. शिक्का बसल्यावर ती बाजूला उभी राहून पासपोर्टचं ते पान बराच वेळ बघत होती. मग पासपोर्ट फाइलीत, फाइल पिशवीत आणि टोपी डोक्यावर.

सहलीचं फार लिहीत नाही, ते सगळीकडे मिळेल. पाच दिवस मस्त गेले. राजवाड्यात गुडघे झाकलेले हवेत, आम्हाला त्याची अडचण नव्हती. मास्क मात्र तिकडे रस्त्यावरही सगळे घालत होते. आम्ही एप्रिलमध्ये सोडून दिलेले, बॅगेतून शोधून पुन्हा लावले. पटायाहून कोरल बेटावर बोटीने गेलो तेव्हा तासगावच्या ताई काठावर बसून भडंग खात होत्या आणि एका रशियन बाईला त्यातला लसूण समजावत होत्या. कित्येक दुकानांची शटर खाली. गाइड सांगत होता की दोन वर्षं तो गावी भात लावत होता. त्याला मराठी येत नाही आणि आम्हाला त्याची भाषा, पण त्या वाक्यावर आमच्या सगळ्या माना हलल्या.

परतीसाठी तेव्हा 'एअर सुविधा' नावाचा आपल्या सरकारचा फॉर्म होता. दोन डोसचं सर्टिफिकेट चढवलं तर आरटी-पीसीआर लागत नव्हती. हाही फुकट. शोधताना पहिल्यांदा जी साइट उघडली तिने डॉलर मागितले, मी बंद केली. फॉर्ममध्ये सीट नंबर विचारायचे, म्हणून आधी वेब चेक-इन केलं. फाइल एक एमबीच्या आतली लागायची. हॉटेलच्या लॉबीत बसून सात फॉर्म भरायला पाऊण तास लागला. सवय झाली होती.

मुंबईत उतरल्यावर तेव्हा शंभरातल्या दोघांची चाचणी घ्यायचे. आमच्यात नंबर लागला आक्कांचा. लाल फाइल छातीशी धरून त्या चाचणीवाल्या पोराबरोबर गेल्या. नाकात काडी घातल्यावर त्यांनी दिलेली शिवी बाहेर आम्हाला ऐकू आली. स्वॅब घेऊन लगेच सोडायचे, निकालासाठी थांबवायचे नाहीत. फॉर्मवर नंबर माझा होता, त्यामुळे दोन दिवस माझाच जीव टांगणीला. २८ मेला मेसेज आला, निगेटिव्ह. फोन केला तर आक्का शेतात होत्या.

पुढे १ जुलै २०२२ पासून थायलंडने पासच बंद केला, विम्याची अटही काढली. म्हणजे माझं अर्धं ज्ञान रद्दीत. लसीचं सर्टिफिकेट त्यानंतरही काही महिने मागत होते आणि परत येताना एअर सुविधा नोव्हेंबर २०२२ पर्यंत होतीच. नावांची जुळवाजुळव मात्र करूनच ठेवा.

राहिला तो टीसीएस. २,८३५ रुपये परत मिळवायला मुदतीत रिटर्न भरायचं होतं. टूरवाल्याकडून टीसीएसचं प्रमाणपत्र मागून घ्या, आणि ती रक्कम आपल्या २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या सरकारी नोंदीत, दिसते का बघा. आमच्यातल्या चौघींचं पगार-पेन्शनमुळे रिटर्न जातंच. आक्कांचं आयुष्यात पहिल्यांदा भरायचं होतं. त्यासाठी त्यांचं पॅन आधारला जोडायला बसले, कारण ३० जून २०२२ पर्यंत त्याला ५०० रुपये दंड होता, नंतर हजार. साइट म्हणाली, नाव जुळत नाही. मी म्हटलं, आक्का, कार्ड घेऊन या. मार्चमध्ये मी फोनवर फक्त नंबर लिहून घेतला होता, कार्ड पाहिलंच नव्हतं.

त्या कार्ड घेऊन आल्या. वडिलांच्या जमिनीच्या व्यवहारात सह्या हव्या होत्या तेव्हा भावांनी काढून दिलेलं. त्यावर आक्कांचं माहेरचं नाव आहे. 'बाई'सकट.